स्वभावानं गरीब

दहावीचा निकाल लागला आणि पंधरा दिवसांत आम्ही मुरुडहून लातूरला राहायला आलो. नीटच्या क्लाससाठी रोजचं जाणं-येणं लेकीला झेपलं नसतं. औसा रोडला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक हॉल आणि कपडे वाळत घालण्यापुरती बाल्कनी. शेतीमुळे हे निम्मा आठवडा मुरुडलाच. पहिल्या महिन्यात लेक जेवायची कमी आणि बोलायची त्याहून कमी. एका रात्री पुस्तक मिटून म्हणाली, "मम्मी, आपण एक छोटं कुत्रं आणूया का? शांत असलेलं. नुसतं जवळ बसलं तरी चालेल."

माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो माझ्या आजीचा होता. "कुत्रं? घरात?"

मुरुडच्या आमच्या माहेरच्या वाड्यात कुत्र्याची जागा देवडीत होती. मोठ्या दरवाजातून आत आलं की डाव्या हाताला उंच ओटा, ओट्याच्या कडेला पोत्याचा तुकडा आणि त्यावर वाघ्या. तांबूस रंग, एक कान जरा दुमडलेला. ओसरीच्या पायरीपर्यंत यायचा, पुढचे दोन पाय पायरीवर ठेवायचा आणि तिथंच थांबायचा. पुढे यायचं नाही, हे त्याला कुणी शिकवलेलं मला आठवत नाही. आई ताकात भाकरी कुस्करून जर्मनच्या थाळीत घालायची. थाळी ठेवल्यावर आई मागं सरली की मगच त्याचं तोंड खाली जायचं.

वाघ्याला कुणी निवडून आणलं नव्हतं. कडब्याच्या गंजीखाली एक कुत्री व्याली, पाच पिल्लं झाली. चार गल्लीत इकडंतिकडं गेली, एक आमच्या देवडीत राहिलं. नाव खंडोबाच्या परंपरेतलं, कारण खंडोबाच्या मागं कुत्रं असतंच. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य दाखवून झाला की त्यातला घास आधी वाघ्याला, मग आमची पानं. त्या एका दिवशी आजी स्वतः त्याच्यासमोर बसायची. एरवी त्याच्या अंगाला हात लागला तर हात धुवायला लावणारी माझी आजी त्या दिवशी त्याच्या कपाळाला भंडारा लावायची.

आम्ही पोरं त्याच्या अंगावर लोळायचो, शेपटी ओढायचो, कानात फुंकर मारायचो. त्यानं कधी दात दाखवले नाहीत. त्याचा स्वभावच चांगला होता, एवढंच मला इतकी वर्षं वाटत आलं. आता फ्लॅटमध्ये कुत्र्याचा विचार करताना त्याचा दिवस आठवला. पहाटे माझ्या वडिलांची, अण्णांची, बैलगाडी निघाली की वाघ्या गाडीखाली, दोन चाकांच्या मध्ये, सावलीत चालायचा. शेतात दिवसभर बांधावरनं फिरणं, घुशींची बिळं उकरणं, दुपारी लिंबाखाली झोप. संध्याकाळी गाडीबरोबर परत. रात्री गल्लीला दोन-तीन फेऱ्या. असा दिवस भरल्यावर देवडीत पडलेलं कुत्रं शांतच असणार.

आमच्या भागाला जनावरांची पारख आहे, हे मी अभिमानानं सांगते. देवणी आणि लाल कंधारी ही गाईबैलांची नावं इथल्याच गावांवरून पडली, उस्मानाबादी शेळी शेजारच्या जिल्ह्याची. कुत्र्यांच्या बाबतीतही तसंच. चाकूर तालुक्यातलं जानवळ कारवानी आणि पश्मी कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. सडपातळ, लांब पायांची, वाऱ्यासारखी पळणारी ही शिकारी कुत्री. पश्मीच्या कानांवर आणि शेपटीला रेशमासारखे केस. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट यांचा तो मोठा बाजार, आणि तिथं कुत्र्यांची स्पर्धाही होते. लहानपणी अण्णांच्या खांद्यावर बसून मी ती पाहिली होती. मालक धोतराच्या सोग्यानं कुत्र्याचं तोंड पुसत होते, आपल्या लेकराचं पुसावं तसं.

पण अण्णांची खरी पारख बैलाच्या बाजारात दिसायची. ते आधी दात बघायचे, वय कळायला. मग शिंग, खूर, वशिंड. एवढं झाल्यावर व्यापाऱ्याशी बोलत बोलत बैलाच्या मागच्या बाजूला जायचे आणि एकदम पाठीवर थाप मारायचे. बैल अंग चोरून उडाला तर तो बुजरा. वळून शिंग उगारलं तर मारका. नुसता कान हलवून उभा राहिला तर अण्णा आईकडं बघून म्हणायचे, "गरीब हाय." जनावराच्या बाबतीत आपल्याकडं या शब्दाचा पैशाशी संबंध नाही. गरीब म्हणजे स्थिर, भरवशाचं, लेकरू पायात गेलं तरी पाय जपून टाकणारं. लेक मागत होती ते हेच.

जुनं सगळं चांगलं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. वाघ्याला आयुष्यात एक लस टोचली गेली नाही. माझ्या चुलतभावाला गल्लीतलं एक पिसाळलेलं कुत्रं चावलं, तेव्हा त्याला पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली. दवाखान्याच्या वाटेवर त्याचं रडणं अजून कानात आहे. आता माणसाला दंडात चार-पाच डोस घेऊन भागतं, आणि कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात पहिली लस देऊन पुढं दरवर्षी देत राहिलं तर ती वेळच सहसा येत नाही. कुत्री व्याली की नकोशी पिल्लं पोत्यात घालून गावाबाहेर सोडली जायची, हेही आम्ही पाहिलं आहे. वाघ्याची चार भावंडं नक्की कुठं गेली, हे मी आईला कधी विचारलं नाही.

देवडी गेली ती किल्लारीच्या भूकंपानं. 30 सप्टेंबर 1993, पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून गाव उशिरा झोपलं होतं. मी सहावीत होते. किल्लारी, सास्तूर या गावांचं जे झालं त्यापुढं आमच्या गावाचं दुःख काहीच नव्हतं, पण वाड्याच्या दगडी भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली. पुढं कितीतरी रात्री आम्ही गल्लीत उघड्यावर झोपलो. सगळी गल्ली एका रांगेत, आणि पायथ्याशी वाघ्या. आजीनं त्या दिवसांत त्याला पहिल्यांदा आपल्या घोंगडीच्या कडेवर झोपू दिलं. जमीन जरा हलल्यासारखी वाटली की ती अंधारात हात लांब करून तो जागेवर आहे का ते चाचपायची.

दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद, यांच्याखाली माणसं गाडली गेली, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. त्यानंतर माळवदाखाली झोपायचं धाडस पुष्कळांना होईना. आमचाही वाडा उतरवला, सिमेंटचं घर उभं राहिलं. घर सुरक्षित झालं यात शंका नाही. पण त्यात ओसरी नव्हती, देवडी नव्हती. लोखंडी गेट होतं आणि गेटच्या आत थेट घर. माणूस आणि कुत्रं यांच्या मधली ती पायरी गेली. वाघ्या शेवटची दोन वर्षं गेटबाहेर रस्त्याच्या कडेला बसायचा.

म्हणूनच फ्लॅटमध्ये निवड करावी लागते. वाघ्याला काही पटलं नाही तर तो उठून शेताकडं जायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या कुत्र्याला जायला जागा नाही, आणि त्याच्या भुंकण्यापासून शेजाऱ्यांनाही नाही. आमच्या इमारतीत घरटी एक पोरगं परीक्षेला बसलेलं. सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, हे पशुकल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचनांत आहे. पण रात्री दोनपर्यंत अभ्यास करून झोपलेल्या शेजारच्या पोराला कुत्र्यानं पाचला उठवलं, तर मी त्याच्या आईपुढं ते कागद काय म्हणून ठेवू?

लेकीला आधी पग हवा होता. हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पोराच्या मागं मागं जाणारा तो, 2003 मध्ये घरोघर पोचलेला. पग खरंच शांत आणि माणूसवेडा. पण कुत्र्याला घाम आपल्यासारखा येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करतं, आणि पगच्या चपट्या नाकाला तेच जमत नाही. लातूरच्या मे महिन्यात चाळीसच्या वर पारा गेल्यावर एसीशिवाय त्याचे हाल. शिह त्झूही मवाळ, पण त्याचंही नाक आखूड, आणि त्याचे लांब केस रोज विंचरायचे, वरचेवर धुवायचे. ज्या शहराला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं टाकीचं पाणी बघूनच असं कुत्रं घ्यावं. ल्हासा अप्सो तिबेटातल्या मठांचा राखणदार, जिन्यातल्या प्रत्येक पावलाला तो उत्तर देणार. नव्वदच्या दशकात 'हम आपके हैं कौन'मधल्या टफीमुळे पांढरा इंडियन स्पिट्झ, ज्याला सगळे पॉमेरियनच म्हणतात, लातूरच्या बंगल्याबंगल्यात आला. लहान, गोड, पण एकटं पडलं की भुंकून घर डोक्यावर घेणारं. लहान म्हणजे शांत नव्हे, हे तिथंच कळलं. दांडगी, आडव्या हाडाची कितीतरी कुत्री दिवसभर पडून असतात, आणि ओंजळीत मावणारी घर जागवतात.

शेवटी उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या एका डॉक्टरांना विचारलं. त्यांनी जातीचं नाव घेतलंच नाही. म्हणाले, "पिल्लू बघायला गेलात तर आधी आई बघा. आई अंगावर येणारी असेल तर तिथून परत फिरा. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका. पिल्लाच्या मागं किल्ल्यांचा जुडगा टाका. दचकून मग किल्ल्या हुंगायला आलं तर घ्या." मी ऐकतच राहिले. बैलाच्या पाठीवरची थाप आणि ही किल्ली, दोन्ही एकच. मग त्यांनी विचारलं, "लेक दोन वर्षांनी मेडिकलला जाईल. छोटं कुत्रं बारा-पंधरा वर्षं जगतं. पुढं सांभाळणार कोण?" मी म्हटलं, मीच. "मग पिल्लू कशाला? पिल्लाच्या स्वभावाचा अंदाज बांधावा लागतो, मोठ्या कुत्र्याचा डोळ्यानं दिसतो."

त्यांच्याच ओळखीतनं चिंगी आली. पाच वर्षांची, पॉमेरियन आणि गावठीचं मिश्रण, वजन सात किलो. नसबंदी झालेली, लसीचं कार्ड पूर्ण. तिची म्हातारी माणसं मुलाकडं परदेशी निघाली होती. आम्ही तीन वेळा त्यांच्या घरी जाऊन बसलो. तिसऱ्या वेळी मी मुद्दाम स्टीलचं ताट फरशीवर पाडलं. चिंगीनं मान वर केली, ताटाकडं पाहिलं आणि परत लेकीच्या पायावर हनुवटी टेकली. निघताना त्या आजींनी तिचा टॉवेल न धुता आमच्या हातात दिला. "वास राहू द्या थोडे दिवस," म्हणाल्या.

वाघ्याचा दिवस तिला कुठून आणणार, पण जमेल तेवढा देतो. पहाटे साडेपाचला पाऊण तास फिरणं, आणि हुंगू द्यायचं, ओढत न्यायचं नाही. संध्याकाळी परत. दुपारी शिळ्या भाकरीचे तुकडे जुन्या टॉवेलात गुंडाळून देते, ती अर्धा तास उलगडत बसते. सकाळचं फिरणं चुकलं की बाल्कनीत येरझाऱ्या आणि भुंकणं सुरू होतं. फिरून आलेली चिंगी आणि न फिरलेली चिंगी या दोन वेगळ्या कुत्र्या आहेत.

दिवाळीत तिला मुरुडला नेलं. अण्णा आता ऐंशीच्या पुढं, गेटच्या आत खुर्ची टाकून बसलेले. "काय आणलालीस हे, सशाएवढं?" म्हणाले. मग तिला जवळ घेतलं, ओठ वर करून दात बघितले, एकेका पंजाची नखं मोजली, आणि माझ्याशी ज्वारीच्या पेरणीचं बोलता बोलता तिच्या पाठीवर एकदम थाप मारली. चिंगीनं नुसता कान हलवला. अण्णांनी आईकडं पाहिलं. आईनं काही न बोलता आत जाऊन ताकात भाकरी कुस्करली. जर्मनची जुनी थाळी तिनं कुठं जपून ठेवली होती कोण जाणे.

परत निघताना चिंगी गाडीत बसली, तरी अण्णांनी दार धरून ठेवलं होतं. "आठ दिस ठिव की हिला हितंच," ते म्हणाले, "सकाळी मी जातोच की मारुतीपर्यंत." लेकीनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं. मग तिनं पिशवीतनं न धुतलेला तो टॉवेल काढला आणि अण्णांच्या हातात दिला.