मुद्दल आणि कुसळं

मुळशीच्या मामांनी चैत्रात वैरण संपली म्हणून एक गाय विकली. तेव्हापासून त्यांच्या डोंगरउतारावर कुठलं गवत लावावं, हे आपल्या बी.कॉम.ला कळतं असं मी धरून चाललो. दिवाळीत म्हटलं, "मामा, संकरित नेपियर लावा. वर्षाला सहा-सात कापण्या! व्याजच व्याज!"

"ते कापून घालायचं गवत. उन्हाळ्यात पाणी मागतं. तू बँकेतून धाडणार? चरायला मारवेल बरं, तुडवलं तरी फुटतं. कुसळी कोवळी असतानाच चारायची. आणि अर्धा डोंगर राखायचा. गेल्या साली मी मुद्दलच चारलं, बाबा!"

रोज दुसऱ्यांचं व्याज काढणारा मी गप्प. निघताना पँट कुसळांनी भरलेली. उपटायला वाकलो, तर मामा म्हणाले, "असू दे. तेवढंच व्याज!"