टेनर युकुलेले घडवून घेण्याविषयी




आपल्या कन्येसाठी हवाईतील एखाद्या स्वतंत्र कारागिराकडून टेनर युकुलेले घडवून घेण्याचा जो बेत पुण्यात शिजतो आहे, त्यात आतापर्यंत लाकूड कोणते, शिंपल्याची नक्षी कुठे आणि खर्च किती याचीच चर्चा अधिक झालेली दिसते. कारागिराला मात्र आधी वेगळ्याच गोष्टी कळाव्या लागतात: वाजवणारीचा हात, तिचे संगीत आणि ती राहते त्या गावची हवा. एवढे नेमके कळले तर लाकडाची निवड तो स्वतःच अधिक चांगली करतो, आणि हे न कळवता नुसती सामानाची यादी धाडली तर कसबी वाद्यकारालाही यादीबरहुकूम पेटी जोडून देण्यापलीकडे काही उरत नाही.

हे वाद्य हवाईचे म्हणून ओळखले जात असले तरी त्याचे मूळ पोर्तुगालच्या मदैरा बेटावर आहे. ऑगस्ट १८७९ मध्ये ‘रेवन्सक्रॅग’ हे जहाज उसाच्या मळ्यांवर कामासाठी करारबद्ध झालेली मदैराची कुटुंबे घेऊन होनोलुलूला लागले. त्यांत मानुएल नुनेश, आउगुश्तु दियश आणि जुझे दु इश्पिरितु सांतु हे तीन सुतार होते. पुढे त्यांनी होनोलुलूत दुकाने थाटली आणि ‘मशेत’ या चार तारांच्या चिमुकल्या गिटारीचा आकार व ‘रझांव’ या पाच तारांच्या वाद्याची सुरावट यांच्या मेळातून, स्थानिक कोआ लाकडात, आजचे युकुलेले उभे राहिले. राजा कालाकौआने हुला नृत्याच्या साथीला त्याला मान दिला, १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनाने अमेरिकेला त्याचे वेड लावले, आणि मग कारखाने आले. अर्थात कारखाना म्हणजे हलका माल असा समज करून घेणे बरोबर नाही. नुनेशकडे शिकलेल्या सॅम्युएल कामाका यांनी १९१६ मध्ये सुरू केलेला व्यवसाय आजही त्यांच्याच घराण्याकडे आहे आणि तिथले तयार वाद्य पुष्कळांना जन्मभर पुरते. घडवून घेण्याचा खटाटोप करावा तो तयार वाद्यात काय कमी पडते हे वाजवणाऱ्याला नेमके सांगता येऊ लागल्यावरच.

मिरजेला तंबोरा करायला टाकणारा गायक लाकडाविषयी फारसे बोलत नाही, तो आपली पट्टी, म्हणजे आपला षड्ज, सांगतो. काळी एक की पांढरी पाच यावर पुढचा सगळा हिशेब ठरतो. युकुलेलेतही तसाच एक प्रश्न आहे आणि तोच बहुधा विचारायचा राहून जातो. सोप्रानो, कॉन्सर्ट, टेनर आणि बॅरिटोन या चार आकारांत तारेची कंप पावणारी लांबी अनुक्रमे सुमारे १३, १५, १७ आणि १९ इंच असते. पहिल्या तिन्हींच्या तारा सामान्यतः पांढरी पाच, एक, तीन आणि सहा अशा लावतात, म्हणजे पांढरी एक हा षड्ज धरल्यास सर्वांत वरची, अंगठ्याजवळची तार पंचमाची होते. परंपरेने हा पंचम षड्जाच्या वरचा असतो, त्यामुळे तारा क्रमाने खालून वर चढत नाहीत आणि छेडताना सूर एकमेकांत मिसळून तो ओळखीचा खळाळ निर्माण होतो. एकल वादन करणारे, विशेषतः टेनरवर, पुष्कळदा त्याऐवजी मंद्र पंचम लावतात. मग सुरांचा पल्ला खाली वाढतो, पण तार जाड होते, तिच्यासाठी वरच्या, तारा जिच्यावर टेकतात त्या आडपट्टीतली खाच रुंद कोरावी लागते आणि पेटीनेही खालचे सूर पेलावेत अशी तिची बांधणी करावी लागते. हा निर्णय वाद्य हाती आल्यावर घ्यायचा नाही. आपल्या कन्येला गाण्याला साथ करायची आहे की स्वतंत्र धून वाजवायची आहे, हे पहिल्याच पत्रात असावे. त्याच पत्रात बोटे जिच्यावर फिरतात त्या पट्टीची रुंदीही यावी: आडपट्टीपाशी ३५ मिलिमीटर आणि ३८ मिलिमीटर यांतला फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, पण बोटांना तो लगेच जाणवतो.

लाकडाकडे वळायचे तर कोआ हा वृक्ष निसर्गतः फक्त हवाई बेटांवर आढळतो, आणि वनस्पतिशास्त्राच्या वर्गीकरणात तो कोकणात सामाजिक वनीकरणातून पसरलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीचा जवळचा नातलग ठरतो. गुराढोरांच्या चराईने आणि कुरणांसाठीच्या तोडीने त्याची जंगले आक्रसली, म्हणून तो महाग झाला. त्यातही ज्याच्या धाग्यात लाटा उमटलेल्या असतात त्या फळ्यांना सर्वाधिक भाव येतो. या लाटा सुंदर दिसतात यात वाद नाही, परंतु त्यांनी आवाज सुधारतो असे मानण्यास आधार नाही, उलट त्या वाकवणे जिकिरीचे असते. पेटीच्या कडेसाठी जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची पट्टी ओली करून तापलेल्या धातूच्या नळीवर हळूहळू दाबत नेतात. पेटीच्या कमरेपाशी वळण उलटे फिरते, तिथे आडव्या धाग्याची पट्टी एका क्षणात तडकते आणि मग जोडीची दुसरी पट्टीही बाद होते. आवाज घडतो तो मुख्यतः तबलीवर, म्हणजे घोडी जिच्यावर चिकटवलेली असते त्या वरच्या पातळ फळीवर. कारागीर ती फळी दोन बोटांत हलकेच धरून टिचकी मारतो, ऐकतो, रंधा फिरवतो, पुन्हा ऐकतो, आणि आतल्या आधारपट्ट्या तासून तिचा ताठरपणा कमी करत जातो. दोन कोआ फळ्या सारख्या नसतात, त्यामुळे ‘तबली अमुक जाडीचीच हवी’ अशी अट घालणे हा आगाऊपणा होय.

हवेची गोष्ट पुण्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. असे कारागीर आपल्या खोलीत सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवा त्या तापमानाला जितकी वाफ धरू शकते तिच्या तुलनेत प्रत्यक्षात असलेली वाफ, साधारण ४० ते ५० टक्के राखून पेटी जोडतात. पुण्यात पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्या वर जाते आणि एप्रिलच्या दुपारी ३० टक्क्यांच्या खाली येते. ओलीने तबली फुगते व तारा पट्टीपासून वर उचलल्या जातात. कोरड्या हवेत लाकूड आकसते, पडद्यांची धातूची टोके पट्टीबाहेर येऊन बोटांना लागतात आणि प्रसंगी तबलीला चीर जाते. हे चक्र आधी सांगितले तर घोडीवरच्या एक उंच, एक बुटकी अशा दोन हाडी पट्ट्या मागून घेता येतात आणि ऋतूप्रमाणे बदलता येतात.

व्यवहाराविषयी थोडेच. विसार किती, तो परत मिळतो का, वाद्य पसंत न पडल्यास काय, आणि काम सुरू झाल्यावर कोणते बदल चालतील, हे लेखी असावे. प्रतीक्षा महिन्यांची, कधी वर्षाहून अधिकही असते. वाद्य परदेशातून यायचे असल्याने लाकडाचे नियमही पाहावेत: पट्टी व घोडी यांसाठी पुष्कळदा आपल्याच सह्याद्रीतले शिसव वापरतात. वन्यजीव व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइटिस’ करारात २०१७ पासून शिसवाची सारी प्रजाती आली, तयार वाद्यांना २०१९ मध्ये सवलत मिळाली. ब्राझिलियन शिसव मात्र १९९२ पासून कडक बंदीच्या यादीत आहे, तेव्हा ते कोणी देऊ केले तरी नाकारावे.

तेव्हा कारागिराला लिहिण्यापूर्वी कन्येच्या वादनाचे घरगुती ध्वनिमुद्रण, तिच्या डाव्या हाताचे माप आणि सध्याच्या वाद्यातल्या उणिवांचे तिनेच लिहिलेले टिपण, एवढे तयार ठेवावे, आणि नक्षीची चित्रे तूर्त बाजूला ठेवावीत ही विनंती.