सोळा साखळ्यांचे अंतर

ऑरेगॉन राज्यातील बीव्हरटन हे गाव पोर्टलंड शहराला पश्चिमेकडून चिकटून आहे. बीव्हर या धरणे बांधणाऱ्या प्राण्यावरून त्याला नाव मिळाले. वसंत ऋतूत तेथे ऱ्होडोडेंड्रॉनच्या झुडपांना मूठ-मूठभर फुलांचे गुच्छ येतात, आणि घरांच्या छपरांमागे डग्लस फरची उंच काळसर झाडे पहारेकऱ्यांसारखी उभी असतात. आठ महिने पाऊस भुरभुरत असतो. जून उजाडला की आकाश मोकळे होते आणि रात्री नऊपर्यंत उजेड रेंगाळतो. वृद्ध माणसासाठी या गावाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तेथील पदपथ. तो सलग असतो, प्रत्येक वळणावर उतरता केलेला असतो आणि त्यावर दुचाकी उभी नसते.

माझे यजमान आणि मी एप्रिलमध्ये लेकीकडे गेलो तेव्हा ह्यांच्या पक्षाघाताला दीड वर्ष झाले होते. उजवा हात अशक्त, उजवा पाय थोडा ओढत चालणे, बोलताना शब्द अडणे, एवढे मागे राहिले होते. विमानप्रवासाबद्दल डॉक्टरांशी आधीच सविस्तर बोललो होतो. तो प्रवास चाकाच्या खुर्चीच्या आणि हवाई सेविकांच्या कृपेने पार पडला, त्यावर अधिक लिहिण्यासारखे नाही. लिहायचे आहे ते एका बोटभर डबीविषयी.

आमच्या अकरा वर्षांच्या नातवाला जिओकॅशिंगचा नाद आहे. हा खेळ असा : कोणीतरी एक जलाभेद्य डबी सार्वजनिक ठिकाणी लपवतो, तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो, आणि शोधणारे उपग्रहांच्या आधाराने तेथे पोहोचून डबीतील चिठोऱ्यावर आपले टोपणनाव व तारीख लिहितात. नंतर डबी जिथल्या तिथे. याचा जन्म ऑरेगॉनमध्येच झाला. मे २००० च्या आरंभी अमेरिकी सरकारने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम मिसळलेली अचूकतेची खोट काढून टाकली, आणि शंभर मीटरपर्यंत चुकणारे यंत्र अचानक झाडाखाली नेऊन उभे करू लागले. ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी बीव्हरक्रीक या खेड्याजवळ एक बादली ठेवून तिचा पत्ता जगाला कळवला. तिच्यात पुस्तके होती, एक गलोल होती आणि घेवड्याचा एक डबाही होता! आज अशा डब्या जगभर पसरल्या आहेत.

ह्यांना पहिल्या दिवशी यात रस वाटला नाही. मग नातवाने फोन पुढे केला आणि त्यावरील आकडे वाचून दाखवले : उत्तर ४५ अंश, पुढे मिनिटे, मिनिटांचे दशांश. हे ताठ बसले. सातारा जिल्ह्यात भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून ह्यांची तीस वर्षे गेली आहेत. मिनिटाच्या तिसऱ्या दशांश स्थळाचा एक आकडा म्हणजे जमिनीवर उत्तर-दक्षिण साधारण पावणेदोन-दोन मीटर, हे ह्यांनी कागदावर डाव्या हाताने मांडून दाखवले. “आपणही... एक लपवू,” हे म्हणाले. पक्षाघातानंतर ह्यांनी आपण होऊन काही करायचे ठरवले, असे मला फारसे आठवत नव्हते.

लेकीच्या अंगणाच्या कुंपणाला, पदपथाच्या बाजूने डबी टांगायची ठरली. नोंद लेकीच्या नावे, कारण डबीची देखभाल करणारा माणूस जवळ राहणारा असावा असा नियम आहे. परगावाहून आलेल्या पाहुण्याने डबी ठेवून निघून जावे, हे तेथे चालत नाही. हा नियम मला मोठा शहाणपणाचा वाटला. चिठोऱ्याची पट्टी कापणे, ती घट्ट गुंडाळणे, नळीत सरकवणे ही कामे ह्यांनी अंगावर घेतली. साताऱ्यातील फिजिओथेरपिस्ट ह्यांना चिमटे लावायला आणि मणी उचलायला सांगत, तेव्हा पाच मिनिटांत हे कंटाळत. इथे त्याच बोटांनी पाऊण तास एक पट्टी सात वेळा गुंडाळली. अशक्त हाताला अर्थपूर्ण कामात गुंतवावे, असे उपचारतज्ज्ञ का सांगतात ते मला त्या दुपारी समजले.

ठिकाणाचे मोजमाप ह्यांनी पाच वेगवेगळ्या दिवशी घेऊन सरासरी काढली आणि अर्ज गेला.

येथे वाचकांना सांगायला हवे की लपवलेली डबी लगेच जाहीर होत नाही. त्या प्रदेशाचा एक स्वयंसेवक परीक्षक तिची छाननी करतो. तो विनामोबदला काम करतो आणि बहुधा टोपणनावाने वावरतो. जागेच्या मालकाची परवानगी आहे ना, जमीन खणलेली नाही ना, जवळ शाळा किंवा संवेदनशील वास्तू नाही ना, हे तो पाहतो. साधारण आठवड्याभरात पहिले उत्तर अपेक्षित असते. (आपल्याकडे कोणाला ही हौस वाटली तर परवानगीची बाब दुप्पट काटेकोर धरावी. बेवारस डबी पाहून लोक घाबरतात, आणि ते योग्यच आहे.)

सकाळच्या चहाला रोज एकच प्रश्न : “आलं का?”

रुग्णाची काळजी घेणाऱ्यांना वाट पाहण्याचे वेगळे शिक्षण नको असते. अतिदक्षता विभागाबाहेरचे बाकडे, तपासणीच्या अहवालाची रांग, बोट हलेल म्हणून घातलेली नजर, हे सारे मी केले होते. त्या प्रतीक्षेत माझ्या हाती काहीच नव्हते आणि ह्यांच्या हाती तर त्याहून कमी. ही प्रतीक्षा हलकी होती. तिच्यात थोडे कुतूहल आणि बरीच थट्टा होती. नातू परीक्षकाला ‘मामलेदार’ म्हणू लागला.

पाचव्या दिवशी मामलेदारांचे उत्तर आले. भाषा अत्यंत सभ्य, निकाल प्रतिकूल. दोन डब्यांमध्ये, किंवा एखाद्या कोड्याच्या डबीच्या गुप्त टप्प्यात, किमान ५२८ फूट म्हणजे १६१ मीटर अंतर लागते. आमच्या कुंपणापासून त्याहून कमी अंतरावर असा एक गुप्त टप्पा होता. तो नकाशावर दिसत नाही, फक्त परीक्षकाला ठाऊक असतो, आणि कोठे आहे हे सांगण्याची त्याला मुभा नसते. जागा बदलावी लागणार होती.

मी ह्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. आता हे खोलीत जाऊन पडतील असे मला वाटले. हे ओठ हलवत काहीतरी गुणाकार करीत होते. “सोळा साखळ्या,” हे म्हणाले. “बरोब्बर सोळा.” भूमापनाची जुनी शंकू साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. साखळीचा चौरस म्हणजे आपला गुंठा. सोळा साखळ्या म्हणजे खरोखरच ५२८ फूट! अमेरिकेतील या खेळाच्या नियमात आपला ओळखीचा आकडा निघाला, याचा ह्यांना इतका आनंद झाला की नकार बाजूलाच राहिला.

पण अडचण वेगळीच होती. ह्यांची रोजची फेरी घरापासून तिसऱ्या घरापर्यंत जाई आणि तेथून परत येई. नवी जागा शोधायची तर त्यापलीकडे जावे लागणार, आणि जी डबी आपली, तिच्यापर्यंत आपल्या पायांनी जाता आलेच पाहिजे असा ह्यांचा हट्ट. रस्त्याच्या वळणावर एका वृद्ध गृहस्थांनी फाटकाशेजारी खांबावर पुस्तकांची छोटी पेटी लावली आहे. अशी पहिली पेटी २००९ मध्ये विस्कॉन्सिनमधील हडसन गावी टॉड बोल यांनी उभारली आणि ती प्रथा तेथे घरोघर पसरली. पुस्तक न्यावे, पुस्तक ठेवावे. ती पेटी आमच्या दारापासून सातशे फुटांवर होती.

आम्ही घाई केली नाही. चार पायांची काठी, घट्ट बंदाचे बूट, सकाळी दहानंतर पदपथ वाळल्यावर निघणे, आणि मागे घडीचे स्टूल घेऊन नातू किंवा मी. पहिल्या दिवशी पाचवे घर. दुसऱ्या दिवशीही पाचवेच. थकवा चेहऱ्यावर दिसण्याआधी बसवायचे, हे मी शिकून घेतले होते. पक्षाघातानंतरचा थकवा सांगून येत नाही. आठव्या दिवशी हे पेटीपाशी पोहोचले. त्या गृहस्थांनी चाकाच्या खुर्चीतून पुढे येत परवानगी दिली, एका अटीवर : त्यांना खुर्चीत बसून डबीला हात लावता आला पाहिजे.

जिओकॅशिंगमध्ये वाटेच्या कठीणपणाला १ ते ५ अशी श्रेणी असते, आणि १ म्हणजे चाकाच्या खुर्चीतून गाठता येण्याजोगी. ह्यांनी डबी जमिनीपासून ३८ इंचांवर, खांबाच्या मागच्या अंगाला बसवली. अमेरिकी सुगम्यता मानकांत बसलेल्या माणसाच्या हाताचा पल्ला १५ ते ४८ इंच धरतात, तेव्हा हे माप सुखरूप होते. दुसरा अर्ज गेला.

त्या प्रतीक्षेतील रविवारी जावई आम्हाला बीव्हरक्रीकला घेऊन गेले. पोर्टलंड मागे पडले की रोपवाटिका आणि नाताळच्या झाडांची शेते लागतात. रांगेत लावलेली ती लहान झाडे पाहून ह्यांना आपल्याकडील द्राक्षबागा आठवल्या. मूळ बादली आता नाही. त्या जागी २००३ मध्ये बसवलेला छोटा स्मृतिफलक आहे. आजूबाजूला फर, नेचे आणि ब्लॅकबेरीची काटेरी जाळी. सारे अगदी साधे. तीर्थक्षेत्राची अपेक्षा ठेवून येणाऱ्याची निराशा होईल, मला मात्र ते आवडले. हे जावयांच्या खांद्यावर हात ठेवून फलकापर्यंत गेले आणि फोनवरील आकडे फलकाशी ताडून पाहू लागले. खात्याचा माणूस, दुसऱ्याचे मोजमाप तपासल्याशिवाय कसा राहील?

परतल्यावर परीक्षकाचा एकच प्रश्न आलेला होता : वाटेत कोठे पायरी किंवा उंचवटा आहे काय? ह्यांनी नातवाला सोबत घेऊन पदपथाचा प्रत्येक उतार मोजला, आणि उत्तराचा मसुदा स्वतः डाव्या हाताने लिहिला. खात्याच्या अहवालासारखा, क्रमांक घालून. लेकीने त्याचे इंग्रजी केले.

गुरुवारी संध्याकाळी आठ वाजता मंजुरी आली. नातू ओरडतच जिना उतरला. नवी डबी जाहीर झाली की आसपासच्या शोधकांना तत्काळ सूचना जाते, आणि पहिले नाव आपले पडावे म्हणून ते जेवण टाकून धावतात. वीस मिनिटांत सायकलवर एक जोडपे खिडकीसमोरून गेले. हे उठून बूट मागू लागले. मी म्हटले, “अहो, अंधार पडेल.” बाहेर लख्ख उजेड होता.

आम्ही पोहोचलो तेव्हा जोडपे निघून गेले होते. ह्यांनी काठी माझ्या हाती दिली, खांबाला टेकून उभे राहिले आणि उजव्या हाताने झाकण फिरवायला लागले. ते दोनदा निसटले, तिसऱ्यांदा सुटले. पट्टीवर दोन अनोळखी टोपणनावे होती आणि वेळ ८.३१. ह्यांनी ती वाचली, पुन्हा तितकीच घट्ट गुंडाळली आणि नळीत सरकवली.

“झाकणाचा आटा जरा घट्ट आहे,” हे म्हणाले, एकही शब्द न अडता. “उद्या तेल लावू.”