एक कोयता

दसऱ्याच्या आधी मुकादम आमच्या महारवाड्यात यायचा. उचल मोजून बापाच्या हातात द्यायचा. वहीत लिहायचा, 'एक कोयता'. अंगठा बापाचा. त्या एका कोयत्यात माझी मायपण धरलेली. मग बीड सोडून सगळे कारखान्याच्या वाटेला लागायचे.

फडात बाप तोडायचा. माय पाचट काढायची, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायची. गाडी अर्ध्या रात्री आली तरी भरायला तीच. पहाटेच्या भाकरी अन् पाणी तर कुणी धरतच नव्हतं. आम्हीसुद्धा नाही.

एकदा मी मुकादमाला इचारलं, "मायची मजुरी किती?"

तो हसला. "बाईची येगळी असती व्हय? नवऱ्यासंगं धरलीय तिला."

पुढं कॉलेजात वाचलं, १९७६ साली समान वेतनाचा कायदा झालाय. पण समान कशाशी? तिची मजुरीच कुठं लिहिलेली नव्हती.

बाप वारला. तेराव्याच्या आत मुकादम वही घेऊन दारात. उचल फिटायची राहिली होती. त्यानं मायला नाव इचारलं, लिहून घेतलं, अन् तिचा अंगठा शाईत बुडवला.