चाक हलल्यापासून

आमच्या बारामतीच्या विमानतळावर वैमानिक घडविण्याचे शिक्षण मिळते. हवा स्वच्छ असली म्हणजे शिकाऊ मुलांची लहान विमाने बारामती-इंदापूरच्या शिवारावरून घिरट्या घालीत असतात. मी वर्गात समास सोडवीत असतो आणि मुलांच्या माना खिडकीकडे वळतात. मुलांना उड्डाण दिसते. त्यांच्या आईवडिलांना पगार दिसतो.

इंदापूर तालुक्यातल्या माझ्या एका स्नेह्यांची (त्यांना आपण अण्णा म्हणू) मुलगी हे शिक्षण घेत आहे. अण्णा ऊस पिकविणारे गृहस्थ. थोडी जमीन विकून आणि बाकीचे कर्ज काढून त्यांनी फी भरली. एका रविवारी ते म्हणाले, "सर, पायलटला पगार किती हो मिळतो?"

"किती ते राहू द्या," मी म्हटले, "कशावर मिळतो ते विचारा."

हा प्रश्न मला सुचावा याला कारण आहे. एम. ए. झाल्यावर नऊ वर्षे मी तासिका तत्त्वावर शिकवीत होतो. सकाळी एका गावी दोन तास, मग एस. टी. पकडून दुसऱ्या गावी दोन. पैसे मिळायचे ते फळ्यासमोरच्या वेळेचे. एस. टी.तला वेळ आणि घरी पेपर तपासण्याचा वेळ सरस्वतीच्या चरणी वाहिला असे समजायचे! दिवाळीची सुट्टी लागली की मुले आनंदाने घरी जात आणि मी हिशेबाला बसे.

वैमानिकाचेही पुष्कळसे असेच. आकडे तेवढे फार मोठे. पगाराचा एक भाग ठराविक आणि दुसरा उड्डाणाच्या तासांवर. हे तास मोजायचे ते विमान जागचे हलल्यापासून मुक्कामी पोचून थांबेपर्यंत. आधीची तपासणी, हवामानाचे कागद, धुक्यामुळे विमानतळावर खोळंबून काढलेली रात्र यांचे मोल काय ते ठराविक भागातच धरायचे. म्हणून 'हमीचे तास' ही गोष्ट फार महत्त्वाची. उड्डाणे कमी झाली तरी निदान इतक्या तासांचा भत्ता देऊ, असे कंपनीचे वचन. करोनापूर्वी एअर इंडियात ही हमी ७० तासांची होती. २०२३ च्या एप्रिलात नव्या करारात ती ४० तासांवर आली, तेव्हा वैमानिकांच्या संघटना खवळल्या ते उगीच नव्हे.

"म्हणजे ऊसतोडीसारखे, टनावर," अण्णा म्हणाले. मी इतकी वर्षे भाषा शिकवितो, पण असे नेमके वाक्य मला साधले नसते.

मौज अशी की व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास उडावे लागते, आणि तो प्रत्येक तास सध्या अण्णा विकत घेत आहेत. पुढे तोच तास मुलगी विकणार. मध्ये मोठ्या विमानाचे वेगळे शिक्षण, त्याची फी बहुधा घरचीच, आणि नोकरीची वाट पाहणे. विकायलाही मर्यादा आहे: वर्षाला १००० तास. विश्रांतीचे नियम २०२५ मध्ये कडक झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर गेली. त्या डिसेंबरात इंडिगोला वैमानिक पुरेनात आणि हजारो उड्डाणे रद्द झाली. प्रवासी संतापले, त्यांचेही खरेच. पण रात्री दोनला उठून विमान उतरविणाऱ्याच्या झोपेचा विचार त्या गर्दीत किती जणांनी केला असेल?

मग मी ज्येष्ठतेकडे वळलो. इथे अण्णांना काही समजावून सांगावे लागले नाही. कारखान्याकडे लागणीची नोंद ज्या तारखेची, त्या क्रमाने तोड येते. दुसऱ्या कारखान्याला गेलात तर नंबर शेवटी. विमान कंपनीतही कप्तानपदाचा क्रम बराचसा अशाच यादीने लागतो. अमेरिकेत तर कोणते विमान, कोणते गाव, दिवाळीसारख्या सणाला रजा कोणाला, हे सारे त्या नंबरावर ठरते.

आणि दोन याद्या एकत्र आल्या तर? २००७ साली एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण झाले. २०११ मध्ये एका बाजूचे वैमानिक समान वेतनासाठी दहा दिवस संपावर गेले. २०१२ मध्ये दुसऱ्या बाजूचे, नव्या ड्रीमलायनर विमानांचे शिक्षण त्यांनाही दिले तर आपले कप्तानपद लांबेल म्हणून, ५८ दिवस! १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजचे शेवटचे विमान उडाले, तेव्हा तिथली यादी कागदापुरतीच उरली. माझी नऊ वर्षेही सेवाज्येष्ठतेत कुठेच नाहीत. कायम झालो त्या दिवशी, सदतिसाव्या वर्षी, मी नवा कोरा अधिव्याख्याता होतो आणि माझ्याहून आठ वर्षांनी लहान गृहस्थ मला ज्येष्ठ होते.

अण्णांनी खिशातली डायरी काढून लिहून घेतले: 'हमीचे तास किती? नंबर कोणत्या तारखेपासून?' नोकरीच्या मुलाखतीत मुलीने हे विचारायचेच, असे ठरले. संध्याकाळी ती आली तेव्हा त्यांनी ते पान तिच्यापुढे धरले. तिने वाचले आणि हसली.

"अण्णा, माझे आत्ताशी एकशे दहा झालेत. आधी दोनशे तर होऊ द्या!"