खोलीची निवड

प्रवासाला निघताना आपण गाडीची वेळ दहा वेळा पाहतो, फराळाचे डबे भरतो, औषधे मोजून घेतो. परंतु जिच्यात रात्र काढावयाची, त्या खोलीविषयी मात्र दोनच प्रश्न विचारतो. भाडे किती, आणि खिडकीतून काय दिसते? गेल्या श्रावणात मीही हेच दोन प्रश्न विचारले, आणि त्याचे प्रायश्चित्त मात्र माझ्याऐवजी दुसऱ्याच व्यक्तीला भोगावे लागले.

आमच्या सासूबाईंचे माहेर देवासचे. एकाच गावात पवारांची दोन राज्ये, थोरली पाती आणि धाकटी पाती, शेजारी शेजारी नांदत होती, त्या काळात त्यांचा जन्म झाला. 1948 साली दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या, तेव्हा त्या परकरातल्या होत्या. लग्न होऊन जबलपुरास आल्या, त्याला आता साठ वर्षे उलटून गेली. “एकदा टेकडीची देवी खालून का होईना, पाहून यावी,” एवढे एकच मागणे त्यांनी मागितले. त्यांचे वय आता पंचाऐंशीच्या घरात. हे मागणे पुढे ढकलण्यासारखे नव्हते. इंदूरला उतरावे, आधी धार आणि मांडवगड पाहावे, आणि शेवटी देवासला यावे, असा बेत ठरला.

हॉटेलात उतरायचे नाही, हे मीच ठरवले होते. माझी भाची काही दिवस फ्रान्समधल्या एका खेड्यात राहून आली होती. तिकडे घरातल्याच एकदोन खोल्या पाहुण्यांना देण्याची पद्धत आहे. अशा घरात पाचांहून अधिक खोल्या आणि पंधरांहून अधिक पाहुणे असू नयेत, आणि सकाळची न्याहारी भाड्यातच द्यावी, असा तेथला कायदाच आहे म्हणे. तिच्या वर्णनाने माझे मन भारले होते. मांडवगडच्या वाटेवरील एका खेड्यात असेच एक शेतकरी कुटुंब पाहुण्यांना ठेवून घेते, असे कळले, तेव्हा मी हर्षभराने फोन केला आणि सांगितले, “डोंगर दिसेल अशी खोली द्या.” त्यांनीही डोंगर दिसेल अशी खोली दिली. ती माडीवर होती.

धारला आम्ही किल्ला पाहिला. तेथल्या खरबुजा महालात दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला, असे सांगतात. राघोबादादांची धावपळ चालू असता आनंदीबाईंना या किल्ल्यात ठेवले होते, आणि जानेवारी 1775 मध्ये येथेच त्या बाळंत झाल्या. आम्ही सारे इतिहासाच्या गोष्टी बोलत होतो. सासूबाई भिंतीला हात टेकून उभ्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “बाईला विचारून का कुणी खोली दिली असेल?” आम्ही हसलो आणि पुढे गेलो. ते वाक्य माझ्यासाठीच होते, हे मला दुसऱ्या दिवशी उमगले.

संध्याकाळी मुक्कामी पोहोचलो. माडी खरोखरच देखणी होती. शेणाने सारवलेली जमीन, भिंतीत कोनाडे, आणि खिडकीबाहेर पावसात न्हालेला हिरवागार डोंगर. जिना मात्र बाहेरून होता, दगडी, उंच पायऱ्यांचा आणि कठड्यावाचूनचा. न्हाणीघर व संडास चौकाच्या पलीकडे. सासूबाईंनी एका हाताने माझा खांदा आणि दुसऱ्या हाताने भिंत धरून जिना चढला. वर आल्यावर खिडकीपाशी बसल्या आणि म्हणाल्या, “छान आहे हो.” मला धन्यता वाटली.

त्या रात्री जेवायला दाल-बाफले होते. सासूबाईंनी अर्धाच बाफला घेतला. वरणाला हात लावला नाही, ताक नको म्हणाल्या. प्रवासाचा शीण असेल, असे आम्ही मानले. पहाटे जाग आली तेव्हा पाऊस लागलेला होता. सासूबाई अंथरुणावर बसून होत्या. उशाशी मी ठेवलेला पाण्याचा तांब्या तोंडापर्यंत भरलेला, जसाच्या तसा.

“आई, रात्रभर पाणी घेतले नाहीत?”

“घेतले की उतरावे लागते,” त्या म्हणाल्या. “ओल्या जिन्यावर तुम्हांला कुणाकुणाला उठवायचे?”

वाचकहो, त्या भरलेल्या तांब्याकडे मी किती वेळ पाहत राहिले, ते सांगता येत नाही. त्यांनी तक्रार केली असती तर मी कदाचित वादही घातला असता. परंतु तहान सोसून आमचा आनंद राखणाऱ्या माणसाशी काय बोलावे?

खाली येऊन घरच्या बाईंना सांगितले. त्या चुलीपुढून उठल्या, पदराला हात पुसले आणि हिंदी-माळवीत म्हणाल्या, “फोनवर तुम्ही डोंगराचे विचारलेत, मांजी बरोबर आहेत, हे कुठे सांगितलेत?” त्यांनी तत्काळ चौकालगतची, त्यांच्या स्वतःच्या सासूची खोली रिकामी करून दिली. तिला खिडकी अशी नव्हतीच, वर एक झरोका तेवढा होता. पण उंबरा बसका होता, आणि न्हाणीघर दहा पावलांवर. सासूबाईंनी तेथे बसून दोन पेले पाणी प्यायले, आणि मग दोन बाफले मागून घेतले.

त्या दिवशी मांडवगड मी निराळ्या डोळ्यांनी पाहिला. एरवी आपण जहाज महाल पाहून “काय शोभा!” म्हणतो आणि पुढे जातो. पण तो दोन तलावांच्या मधोमध बांधला आहे. चंपा बावडीला लागून जमिनीखाली तळघरे आहेत, ती उन्हाळ्यात विहिरीच्या गारव्याचा लाभ व्हावा म्हणून. बांधणाऱ्यांनी आधी राहणाऱ्याचा देह आणि ऋतू विचारात घेतला, शोभा त्यामागून आली. याच गडावर 1617 साली बादशहा जहांगीर काही महिने राहिला होता. त्याच्या लवाजम्याबरोबर आलेला इंग्रज वकील सर टॉमस रो याला मात्र बिऱ्हाड मिळाले ते एका पडक्या मशिदीच्या आणि थडग्याच्या आवारात. जागा ऐसपैस होती. पण पाण्याची ददात, आणि रात्री अंगणात वन्य पशूंचा वावर! ऐसपैस जागा म्हणजे चांगली जागा नव्हे, हा धडा चारशे वर्षांपूर्वी तेथेच कुणी गिरवला होता.

देवासला ओळखीच्या एका मराठी घरी उतरलो. वरच्या खोलीतून टेकडी समोर दिसत होती, आणि खाली रस्त्याकडेला एक लहानशी खोली होती. या वेळी मी आधी विचारले. “मला काय, कुठेही चालेल,” हे ठरलेले उत्तर आले. मी पुन्हा विचारले. मग त्या म्हणाल्या, “खालचीच बरी. टेकडी मला डोळे मिटले तरी दिसते. माणसांची चाहूल मात्र कान उघडे असल्याशिवाय येत नाही.”

कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन 1948 मध्ये याच गावी आले. येथली कोरडी हवा मानवेल, म्हणून देवास निवडले होते. गाणे बंद, अंथरुणाला खिळलेले. त्या काळात बाहेरून येणारी माळव्याची लोकगीते त्यांच्या कानी पडत राहिली, आणि पुढे लोकधुनांतून त्यांनी नवे ‘धुनउगम’ राग उभे केले. आजारी माणसाच्या खोलीला हवा लागते, तशीच बाहेरची चाहूलही लागते, हे देवासने फार पूर्वीच दाखवून दिले आहे.

जबलपुरास परतल्यावर सामान ठेवले आणि मागील खोलीत गेले. सासूबाईंची खोली. मामंजी गेल्यावर आम्ही ती त्यांना दिली होती. शांत, उजेडाची, मागच्या आंब्याकडे पाहणारी. देताना आम्ही सर्वांनी विचार केला होता. त्यांना मात्र विचारले नव्हते. त्याला अकरा वर्षे झाली.

“आई, तुम्हांला घरातली कोणती खोली हवी?”

या वेळी “कुठेही चालेल” आले नाही. त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिले. “पुढची,” त्या म्हणाल्या. “भाजीवाला जातो तिथून.”

ह्यांचे टेबल आणि पुस्तकांचे कपाट आता मागच्या खोलीत आहे. सासूबाई पुढच्या खिडकीशी बसून भाजीवाल्याशी देवासच्या जुन्या बाजारभावावरून हुज्जत घालतात. उशाशी मी रोज तांब्या भरून ठेवते, आणि सकाळी उठल्यावर आधी तो किती रिकामा झाला ते पाहते.