दोन टँक

एसटीच्या हिशेबाने पाहिले तर आमच्या घरात पूर्ण माणूस एकच, आणि तो म्हणजे आम्ही. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली, त्यात आमच्या मातोश्री गेल्या. मार्च २०२३ मध्ये बायकांना अर्धे तिकीट झाले, त्यात आमच्या घरच्या आणि कन्या गेल्या. शेंडेफळ अजून बाराच्या आत आहे, म्हणून तेही अर्धे. पाच माणसांची अडीच तिकिटे! त्यातले सगळ्यात मोठे तिकीट काढायचे आणि वर घरात सगळ्यात कमी ऐकले जायचे, असा हा पुरुषजन्म. लग्नपत्रिकेत ज्यांच्या नावामागे ‘आयुष्यमती’ छापले होते त्या मंडळी आता आम्हाला ‘फुल तिकीट’ म्हणतात.

दिवाळीच्या सुट्टीत शेंडेफळाने हट्ट धरला की टँक बघायला जायचे. त्याचे म्हणणे नगरच्या रणगाडा संग्रहालयाबद्दल होते. कन्या शिक्षिका व्हायचे शिक्षण घेते आहे. तिला सावित्रीमाईंनी जिथे शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले ते मिस फरार यांचे नगर पाहायचे होते. घरच्यांना चांदबिबीचा महाल हवा होता. महाल म्हणतात खरे, पण ती वास्तू म्हणजे सलाबतखानाची कबर. कबर त्याची आणि नाव तिचे! आमच्या घरावरची पाटी आमच्या नावाची आहे, तसेच काहीसे.

आश्चर्य म्हणजे आई एका शब्दात तयार झाली. एरवी ती कुठे येत नाही. लग्न, मयत किंवा दवाखाना, या तीन कारणांखेरीज प्रवास करणे तिला उधळपट्टी वाटते. पण “टँक बघायला” ऐकल्याबरोबर तिने विचारले, “कवा जायाचं?” आणि ठरल्या दिवशी पहाटे चारला उठून बारा भाकरी थापल्या, ठेचा केला, शेंगदाण्याची चटणी कुटली. शेंडेफळ म्हणाले, तिथे बर्गर मिळतो. आई म्हणाली, मिळू दे.

येरवड्याच्या थांब्यावर गाडी मिळाली. या रस्त्याचा एक मान आहे. आपल्या एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली ती याच पुणे-नगर रस्त्यावर. कंडक्टरने आईचे आधार कार्ड पाहिले. त्यावर जन्मतारीख १ जानेवारी आहे. आईला आपली तारीख माहीत नाही, म्हणून कार्ड काढणाऱ्याने वर्षाचा पहिला दिवस देऊन टाकला. आईची तक्रार नाही. ती म्हणते, “माझ्या वाढदिसाला लाखो मान्सं खांबाला येत्यात, अजून काय पायजे?” गाडी पेरण्याजवळून जाताना तिने विजयस्तंभाच्या दिशेने हात जोडले आणि हे वाक्य परत एकदा शेजारच्या बाईला ऐकवले. बाबासाहेब इथे आले तो १९२७ सालचा दिवसही १ जानेवारीच, हे कन्येने पुरवले. शेजारची बाई हसली आणि आपली तारीख १ जून असल्याचे म्हणाली. तिची गुरुजींनी दिलेली होती.

कंडक्टरने आईला शून्य रुपयांचे तिकीट दिले. ते तिने पदराच्या गाठीत बांधले. “फुकट हाय म्हून टाकू नका, तपासनीस आला म्हंजी?” फुकटातली वस्तूही हिशेबाने वापरायची, हा तिचा जुना नियम आहे.

पुढे दोन तास आमच्या कुटुंबाने एकमेकांकडे पाहिले नाही. एकाच्या कानात बोंडे, दुसरीच्या हातात रील, तिसऱ्या व्यक्तीचे घरच्या ग्रुपवर ‘निघालो’ असे फोटो. आई तेवढी खिडकीतून बाहेर पाहत होती. शिरूरची घोडनदी ओलांडली की नगर जिल्हा लागतो. मग गव्हाणवाडी, नारायणगव्हाण, वाडेगव्हाण अशा गव्हाणींच्या ओळीने गावे येतात. फोनवर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर उमटले. शेंडेफळ म्हणाले, “आजी, नाव बदललंय, २०२४ साली.” आई म्हणाली, “आमी नुसतं नगरच म्हणतो. त्ये हाय का अजून?” आहे, असे सांगितल्यावर तिचे समाधान झाले.

सुपे जवळ आले आणि आई उभी राहिली. “उतरा.”

आम्ही म्हटले, आई, नगर अजून पुढे आहे, तिकीट नगरचे काढले आहे.

“टँक हितं हाय,” आई म्हणाली. “मी खांदलेला मला म्हाईत नाय व्हय?”

तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. गावाकडे पाझर तलावाला टँकच म्हणतात! आई पहाटे चारला उठली होती ती १९७२ च्या दुष्काळातल्या आपल्या टँकासाठी. शेंडेफळाचा चेहरा पडला. आम्ही मनातल्या मनात पुढच्या वाटेच्या अडीच तिकिटांचा हिशेब केला. पण घरच्यांनी पिशवी उचलली सुद्धा. “अहो, चला. रणगाडे पळून जात नाहीत.”

सुप्याहून टमटम केली. रस्त्याला कारखाने दिसले. मग माळरान, बाभळी आणि शेवटी एक लांबलचक मातीचा बांध. पाऊस बरा झाला होता, पाणी निम्म्याच्या वर होते. आई चप्पल काढून बांधावर चढली. आम्हाला वाटले पाया पडायला. तर ती म्हणाली, “दगड बोचत्यात का बघते. पिचिंग आमच्या टोळीचं हाय.”

मग तिने जे शिकवले ते आमच्या कुठल्याही पुस्तकात नव्हते. मधे काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरूम, पाण्याच्या बाजूला दगड, कडेला सांडवा. कन्येने विचारले, कालवा कुठे आहे? आई म्हणाली, “कालवा नसतो. पाणी हितं मुरतं आन् खालच्या हिरींना निघतं. वरून दिसत न्हाय.” त्या वेळी खायला मिलो होता, ती परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना फुटायची. कामावर लेकरांना सुकडी मिळायची. महाराष्ट्राची रोजगार हमी या दुष्काळातूनच उभी राहिली. १९७७ ला तिचा कायदा झाला आणि २००५ ला अख्ख्या देशाने तो कित्ता गिरवला. हे आम्ही सांगितले. आईला त्यात फारसे नवल वाटले नाही. ती एका वाळक्या बाभळीचा बुंधा शोधत होती.

“हिला तुझी झोळी बांधली व्हती,” ती आम्हाला म्हणाली.

म्हणजे या कामावर आम्हीही हजर होतो! मजुरी मात्र मिळाली नाही. शेंडेफळाला हे फार आवडले. “पप्पा, तुम्ही इथे झोपायचात?” झोपायचो, असे आम्ही ठोकून दिले. आई म्हणाली, “कुठला झोपतोय? रडायचा. दुधाला मी उतरले की मुकादम खाडा मांडायचा.” हे आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. पुण्याला येरवड्यात येऊन बिगारी काम धरले तेही त्याच सालच्या शेवटी, याच रस्त्याने. घरच्यांनी कानातली बोंडे कधी काढून ठेवली होती कोण जाणे. कन्येचे रील तसेच अर्धे राहिले.

दुपारी दुसऱ्या गाडीने नगरला पोचलो. पुन्हा अडीच तिकिटे. किल्ला आणि मिस फरार यांचे नगर राहून गेले, महाल लांबून दिसला. संग्रहालय मात्र पाहिले. लष्कराने १९९४ साली सुरू केलेल्या या मोकळ्या मैदानात पन्नासच्या आसपास रणगाडे ओळीने उभे आहेत. १९६५ च्या लढाईत पकडलेल्या पॅटनपुढे शेंडेफळ आजीला अब्दुल हमीदची गोष्ट हातवारे करून सांगू लागले. आईने शांतपणे ऐकले. “पासष्ट म्हंजी टँकाच्या आधीचं,” ती म्हणाली. तिचा काळ असाच मोजला जातो, टँकाआधीचा आणि टँकानंतरचा.

रणगाड्यांपुढे माहितीच्या पाट्या आहेत. त्या वाचता वाचता कन्या थांबली. “आजी, तुझ्या टँकावर पाटी नव्हती?”

“व्हती की. सायबाच्या नावाची. पडली असंल.”

“आणि तुझं नाव?”

“मला कुठं लिवाया येतं? मस्टरवर अंगठा हाय माझा.” मग ती झाडाच्या सावलीला बसली आणि पिशवी सोडू लागली. “ये रं, बर्गर खायाचा ना तुला? हात धुऊन ये.” भाकरीची घडी घालून तिने मधे ठेचा भरला. शेंडेफळाने तसले तीन खाल्ले आणि मग पाणी पाणी करीत सगळे मैदान पळत फिरले.